पुसायला अक्कल लागत नाही

आमच्या आप्पांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट हात जोडण्याआधी त्या माणसाला दोन पावलं सरकवतात.

"थोडं डावीकडं. उजेड मागं हाय तुमच्या. हां. आता बोला."

दूधवाला गेली कित्येक वर्षं त्यांच्या दारात एकाच फरशीवर उभं राहून दूध घालतो. त्याची सावली कुठं पडावी हे आप्पांनी ठरवलेलं आहे. एकदा गल्लीत मयत झालं. आप्पा भेटायला गेले, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्या बहिणीला खांद्याला धरून खिडकीपाशी नेऊन बसवलं. म्हणाले, "आता रडा. मघाशी अंधारात काहीच दिसून राहिलं नव्हतं." ती बाई इतकी चकित झाली की रडायचंच विसरली.

लातूरला गल्लोगल्ली क्लास. कुणी डॉक्टर करून देतं, कुणी इंजिनिअर. त्या पाट्यांच्या गर्दीत, डाळमिलकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी आप्पांनी हातानं रंगवलेली पाटी आहे: 'फोटो काढणे व काँप्युटरवर सुधारणे शिकविले जाईल. घाई असणाऱ्यांनी वर येऊ नये.' खाली पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि शर्टाच्या खिशात अजूनही टोक काढलेली शिसपेन्सिल.

मला काही घाई नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी असते कुणाला? पुण्याची नात म्हणाली, "आजी, तू पाठवतेस त्या प्रत्येक फोटोत तुझा अंगठा असतो." मला राग आला आणि मी जिना चढले. आप्पांनी आधी मला खिडकीकडं सरकवलं, मग माझे फोटो एकेक करून पाहिले. गच्चीवर वाळत घातलेली तूर, तुळस, शेजारणीची मांजर. सगळ्यांच्या कोपऱ्यात माझा अंगठा.

"अंगठा झकास आलाय," आप्पा म्हणाले. "बाकीचं शिकू."

पहिला धडा लिंबाचा. एकच लिंबू आठ दिवस, रोज वेगळ्या उजेडात काढायचं. सातव्या दिवशी पाहुणे आले आणि मी त्याचं सरबत केलं. आप्पांना सालीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हा सगळ्यांत खरा हाय."

वर्गात माझ्याशिवाय तिघं. त्यांतला बालाजी लग्नाचे अल्बम करतो. त्यानं एकदा नवरीचा चेहरा माऊसनं घासून घासून असा केला, की नाकाच्या दोन भोकांवरून ओळखायचं.

"बालाजी, नवरी हाय का साबणाची वडी?"

"आप्पा, गिऱ्हाईक तसंच मागतंय."

"मागू दे की. पुसायला अक्कल लागत न्हाई, ठिवायला लागती."

हे वाक्य आप्पा एका तासात पाच वेळा म्हणतात. पोरं मान डोलवतात. मी मात्र पदराआड हसायची. कारण याच माणसानं एकोणपन्नास वर्षांपूर्वी मला पुसलं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि इतकी मूर्ख, की आज ती पोरगी समोर आली तर मीच तिच्या कानाखाली वाजवीन. स्थळाला दाखवायचा फोटो काढायला वडिलांनी उदगीरकडच्या आमच्या गावाहून एसटीनं लातूरला आणलं होतं. स्टँडवर उतरले, तर मला वाटलं सगळं लातूर आपल्यालाच बघायला जमलंय. स्टुडिओत शिरल्याबरोबर मी हुकूम सोडला, "गोरी करा. आणि हनुवटीचा वण काढा." चिंचेवरून पडल्याचा वण होता तो, तेही सांगून टाकलं. आप्पा तेव्हा तिशीच्या आतले. नुसते हसले आणि निगेटिव्हवर चालवायच्या पेन्सिलीला टोक काढायला बसले.

पडद्याआड पावडर लावायला त्यांची बायको होती, नीलाक्का. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्या तोंडावर देवीचे वण. मी बया मनात म्हणतेय, हिनं आधी स्वतःला तरी लावायची! तिचं तोंड माझ्यापासून वीतभर. मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी ते वण मोजायला लागले. दहापर्यंत आले आणि ती म्हणाली, "झाले का गं मोजून?"

मी चटकन डोळे मिटून घेतले. ती मात्र खळखळून हसली. "अकरा हायेत. देवणीची हाय मी. आमच्याकडं ठिपक्याच्या बैलाला लई किंमत."

फोटो असा गोरा आला की लग्न ठरलं. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला उंबऱ्यावर न्याहाळून वडिलांना विचारलं, "आन फोटोतली कुठं ठिवून आलात?"

हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. आप्पांनीही मला ओळखलं नाही. नीलाक्का जाऊन सहा वर्षं झाली, एवढं मला बाहेरून कळलं होतं.

मागच्या महिन्यात एका दुपारी चष्मा विसरला म्हणून मी परत वर गेले. वर्ग सुटला होता. आप्पा एकटेच काँप्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते. समोर एका बाईचा जुना, हातानं रंग भरलेला फोटो. चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. त्यावर आप्पा माऊसनं एक ठिपका ठेवत होते, मान वाकडी करून बघत होते आणि काढून टाकत होते. परत ठेवला, परत काढला.

मला पाहून त्यांनी ते बंद केलं नाही. म्हणाले, "नीला हाय. म्हणजे, न्हाई."

मग सांगितलं. लग्नानंतरचा हा पहिला फोटो. त्यांच्या आईला सून गोमटी दिसावी म्हणून तीन दिवस निगेटिव्हवर पेन्सिल चालवून एकेक वण बुजवला. मोठ्या हौसेनं बायकोला दाखवला. "बगितला, आन म्हणली, 'लई छान. कोण हाय हो ही?' मला वाटलं चेष्टा करून राहिली. त्याच्यानंतर तिनं कधी फोटोच काढू दिला न्हाई. मी म्हणलं की म्हणायची, 'हाय की तुमच्याकडं एक, गुळगुळीत.'"

निगेटिव्ह ओलीनं एकमेकींना चिकटून गेल्या. उरला हा एकच फोटो. या एका चेहऱ्यासाठी आप्पा सत्तरी उलटल्यावर काँप्युटर शिकले. क्लास नंतर निघाला, खर्च भागावा म्हणून.

"उजवा डोळा गेल्यातच जमा हाय," ते म्हणाले. "डावा किती दिवस टिकंल, डॉक्टर सांगंना. तेवढ्यात ही झाली पाहिजे. अकरा होते, एवढं ध्यानात हाय. जागा गेल्या. चाळीस वर्षं समोर बसून जेवली ओ बाई, आन मी तिच्या तोंडाकडं उजेड बगत राहिलो."

सांगायचं म्हणजे त्या एकोणीस वर्षांच्या टवळीला सगळ्यांत आधी पुढं करायला हवं होतं.

"आप्पा, मी मोजले होते."

"काय?"

"वण. नीलाक्काचे. तुमच्या पडद्यामागं बसून, पावडर लावून घेता घेता. चांगल्या मनानं नव्हते मोजले."

आप्पा उठले. मला वाटलं, आता जिना दाखवतात. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं आणि दोन पावलं खिडकीकडं सरकवलं. डाव्या डोळ्यानं माझी हनुवटी निरखली.

"चिंचेची," ते म्हणाले. "गोरी करा म्हणणारी."

"हाव."

"लोकांच्या पोरींचे वण ध्यानात राहिले बग," असं पुटपुटून त्यांनी माऊस माझ्या हातात दिला. "ठिव पोरी."

मी ठेवलेले ठिपके अगदी गोल आले नाहीत. वणही गोल नव्हतेच. डाव्या डोळ्याखाली तीन, चुलीच्या धोंड्यांसारखे. डाव्या भुवईच्या टोकाला एक, भुवई तोडणारा. नाकाशेजारी दोन, एकमेकांना चिकटून. उजव्या गालावर तिरक्या ओळीत तीन. एक कपाळावर, कुंकवाच्या जरा वर. आप्पा श्वास धरून बघत होते. एकही ठिपका त्यांनी काढायला लावला नाही.

"दहा," मी म्हणाले. "आप्पा, दहावरच तिनं मला पकडलं. अकरावा मला माहीत नाही."

आप्पांनी माऊस घेतला. क्षणभरही न थांबता, मान वाकडी न करता, वरच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक बारीक ठिपका ठेवला, आणि हात मागं घेतला.

मी चष्मा उचलून जिन्याकडं निघाले. दारातून वळून पाहिलं. आप्पा आपली खुर्ची फरशीवरून ओढत खिडकीकडं सरकवत होते. थोडी डावीकडं, आणखी थोडी. उजेड स्वतःच्या तोंडावर नीट आला, तेव्हा ते पडद्यासमोर ताठ बसले.

"हां," म्हणाले. "आता बोल."