बारा सारख्या गाड्या आणि एक पारखी

"सगळ्या गाड्या सारख्या? म्हंजी कशा सारख्या?" गहिनीनाथ आप्पांनी पुन्हा विचारलं.

"सारख्या म्हंजी सारख्या, आप्पा!" पंकजा हातमोजे ओढत म्हणाली. "एकाच फॅक्टरीतनं आल्यात. इंजिन तेच, टायर तेच, रंगसुदिक तोच. कंपनीनं सील मारलंय. कुनाला नटबोल्टला हात लावता येत न्हाई. कुनाला कुठली गाडी, ते चिठ्ठी काढून ठरनार."

"आन् मग शर्यत कशाची?"

पंकजाने कपाळाला हात लावला आणि ती सरावाला निघून गेली. नागापूर एमआयडीसीच्या पलीकडे एका मोटारसायकल कंपनीने नवख्या पोरापोरींसाठी शर्यत ठेवली होती. वळणावळणाचा डांबरी ट्रॅक, कडेला जुन्या टायरांच्या भिंती, एका बाजूला पांढरा तंबू. पहिल्या दोघांना कंपनी सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला दक्षिणेत नेणार होती. आणि आप्पांनी घरातून निघतानाच आपल्या लेकीला, पंकजाला बजावलं होतं, की पहिल्या दोघांत आलीस तर खुशाल जा. नाही आलीस तर गाडीचं नाव काढायचं नाही, नगरला डी. फार्मसीला जायचं आणि गोळ्या मोजायच्या. पंकजाने मान डोलावली होती, पण रात्रभर तिला झोप नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून कुणालाही दिसत होतं. कुणालाही म्हणजे आप्पा सोडून. आप्पांना बैलाच्या डोळ्यातलं कळायचं, माणसांचं खातं त्यांच्याकडे नव्हतं.

आता आप्पांचा प्रश्न तुम्हा-आम्हाला खुळचट वाटेल, पण तो तसा नव्हता. कर्जत तालुक्यात शर्यतीचा बैल घ्यायचा म्हटलं की गहिनीनाथ आप्पांना सोबत नेल्याशिवाय कुणी बाजाराची पायरी चढत नसे. नुसती चाल बघून ते खोंडाचं भविष्य सांगत. आणि बैलांच्या शर्यतीत जिंकतो तो बैल. गुलाल बैलाला, झूल बैलाला, वाजंत्री बैलापुढे आणि फ्लेक्सवर फोटोही बैलाचाच. गाडी हाकणारा गडी त्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात, जागा उरलीच तर. त्यामुळे पंकजा दहावीला तालुक्यात चमकली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "मास्तर चांगलं मिळालं तिला." आणि पुण्याच्या निवड चाचणीत तिने भल्याभल्या पोरांना मागे टाकलं तेव्हा, "गाडी चांगली पळाली." यात त्यांचा वाईट हेतू काडीचा नव्हता. त्यांची दुनियाच तशी होती.

"अजिनाथ," आप्पा आपल्या चुलत भावाला म्हणाले, "बारा वासरं एका गाईची असली तरी सारखी नसत्यात. चल, बघू तरी काय भानगड हाय."

अजिनाथ आनंदाने निघाला. त्याच्या अंगी एकच गुण होता, पण तो भारी होता. त्याच्या कानात सांगितलेलं त्याच्या तोंडातून निघायला वेळ लागत नसे.

तंबूत बारा गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. दोरीपलीकडे कंपनीच्या इंजिनिअर सुकन्या मॅडम हातात पाना घेऊन उभ्या होत्या.

"ताई, जरा लांबून बघतो. हात लावनार न्हाई," आप्पा म्हणाले.

"बघा ना काका. सगळ्या सारख्याच आहेत."

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले. बाजारातला व्यापारीही असंच म्हणत असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी सुरुवात केली. एकेका गाडीसमोर उभे राहिले. वाकून पुढून पाहिलं, मागे जाऊन मागून पाहिलं. एकीच्या टाकीवर बैलाच्या अंगावर असतो तसा केसांचा भोवरा आहे का, हेही पाहिल्यासारखं केलं. मॅडमना हसू आवरेना. "काका, काय शोधताय?"

"न्हाई म्हटलं, उगं. जरा हिचा आवाज ऐकवता का?"

मॅडमना म्हाताऱ्याची गंमत वाटली. शिवाय गाड्या तापवायच्याच होत्या. त्यांनी एकेक गाडी चालू केली आणि आप्पा डोळे मिटून, कान लावून ऐकत गेले. सात नंबरशी ते थबकले. आवाज पुन्हा ऐकला. डोळे उघडले तेव्हा त्यांत खिल्लार खोंड पाहिल्याची चमक होती.

"ही बघ, अजिनाथ. उभ्या उभ्या पळतीया. ही खरी."

"आन् ही तीन नंबर?"

"ही?" आप्पांनी तोंड वाकडं केलं. "बसकी हाय. चार पावलं नीट जाईल आन् ऐन घाईला बसकन मारंल. फुकट दिली तरी दावनीला बांधू नये."

बास! चहाचे कप फिरेपर्यंत ही बातमी सगळ्या पालकांपर्यंत पोचली, आणि तीही वाढत वाढत. कर्जतचे कुणी मोठे जाणकार आलेत, त्यांनी सात नंबर काढली आहे, तीन नंबर म्हणजे घात आहे. राहुरीकडचे एक बागायतदार आप्पांसाठी स्वतः भजी घेऊन आले. दोघं-तिघं नुसते शेजारी येऊन बसले आणि उगाच पावसापाण्याचं विचारू लागले.

बेंजामिन सर आले ते मात्र हसत. नगरच्या शाळेत विज्ञान शिकवणारे गृहस्थ. त्यांचा मुलगा योहान शर्यतीत होता. "अहो आप्पा, काय हे! एकाच साच्यातून निघालेली यंत्रं ही. विज्ञानात असं काही नसतं."

"नसंल," आप्पा भजं खात म्हणाले.

सर दोन पावलं गेले, थांबले, परत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तरी पण... सातच का?"

चिठ्ठ्या काढायची वेळ झाली आणि खरा गोंधळ उडाला. सात नंबर आमच्या पोराला मिळाली नाही तर, म्हणून सगळेच मॅडमभोवती जमले. एकजण म्हणाला, सात नंबर शर्यतीतून काढा. दुसरा म्हणाला, ती का काढायची, तीन नंबर काढा. तिसऱ्याने तर कंपनीच आतून कुणाला तरी सामील आहे असं जाहीर करून टाकलं.

"अहो, गाड्या सारख्या आहेत!" सुकन्या मॅडम ओरडल्या.

"मग त्या पारखी बाबांनी सातच कशी काढली?"

शेवटी मॅडमनी बाराच्या बारा गाड्या पुन्हा ताकद मोजायच्या मशीनवर चढवल्या. पालक घोळका करून काट्याकडे बघत राहिले. ऊन चढलं, पोरं हेल्मेटं काखेत मारून कंटाळली. बाराही गाड्यांचा दम तंतोतंत सारखा निघाला.

"झालं समाधान?" मॅडमनी घाम पुसत विचारलं.

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "मशीनला काय कळतंय?"

आणि काय सांगावं, सगळ्यांनी माना डोलावल्या. बेंजामिन सरांनीसुद्धा. मॅडमनी पाना टेबलावर आपटला आणि चिठ्ठ्या एका हेल्मेटमध्ये टाकल्या.

योहानने चिठ्ठी काढली. सात! बेंजामिन सरांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि विज्ञान खिशात घातलं.

पंकजाने चिठ्ठी काढली. तीन.

आप्पांच्या तोंडचं पाणीच पळालं. आता कुठे त्यांनी पोरीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते पांढरं पडलं होतं. गाड्या सारख्या आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. पण सगळ्या मैदानभर "तीन नंबर बसकी" ऐकल्यावर माणसाचं मन ते! एकदा शंका शिरली की ती बाहेर निघते थोडीच?

आप्पा लगबगीने तिच्याजवळ गेले. "पोरी, मी आत्ता परत बघितली बरं का. तीन नंबर चांगली हाय. सकाळी जरा उजेड नीट नव्हता."

त्यांनी हे अगदी हळू सांगितलं होतं. पण मागे अजिनाथ उभा होता.

"तीन नंबर चांगली झाली!" ही बातमी तंबू ओलांडून गेली आणि बेंजामिन सर धापा टाकत हजर. "आप्पा, म्हणजे सात खराब झाली?"

"न्हाई, न्हाई, सातबी चांगलीच हाय."

"दोन्ही कशा चांगल्या असतील? सकाळी तर तुम्ही तीनला फुकटसुद्धा घेत नव्हता!"

"सर, सारख्याच हाईत ना सगळ्या!" आप्पा घायकुतीला येऊन बोलून गेले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. पण त्यांच्यावर आता कुणाचाच विश्वास राहिला नव्हता. पालकांचा घोळका पुन्हा दोरीकडे धावला. तेवढ्यात भोंग्यावरून सुकन्या मॅडमचा आवाज आला, "पारखी काकांनी कृपया तंबूपासून लांब उभं राहावं. आणि कुणाशीही बोलू नये."

पंकजाने आप्पांना बाजूला ओढलं. "आप्पा, माझ्याकडं बघा. खरं सांगा. सकाळचं खरं का आत्ताचं?"

आप्पांनी आयुष्यात पुष्कळ व्यापाऱ्यांना बनवलं होतं, पण पोरीच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलणं त्यांना जमेना. ते खाली मान घालून म्हणाले, "बसकी हाय गं बाय. कानानं जे ऐकलं त्ये ऐकलं."

पंकजाने हेल्मेट चढवलं. "बरं झालं सांगितलं. मग मी तिला बसू देनार न्हाई."

शर्यत सुरू झाली. योहान सुटला तो थेट पुढे. सात नंबरची गाडी आपोआपच पळणार, आपण नुसतं बसायचं, अशा भरवशाने त्याने मूठ पिळली होती. बेंजामिन सर उड्या मारत होते. पंकजा पाचवी होती, मग चौथी. आप्पा दोरीला धरून उभे होते आणि त्यांची नजर सवयीने गाडीवर खिळली होती. आत्ता बसंल, मग बसंल. पण गाडी काही बसेना.

असं कसं? आप्पांना मोठं नवल वाटलं. ते बारकाईने पाहू लागले. आणि मग दिसलं! बाकीची पोरं वळण आलं की गाडी आवरत होती. ही पोरगी वळणाच्या आधीच वळणापलीकडे बघत होती. अंग एका बाजूला असं झोकत होती की गुडघा डांबराला लागतो की काय. गाडी जिथे ढेपाळेल तिथे ती तिला आधीच उठवत होती. पुढचं पोरगं बाहेरून गेलं की ही आतून, ते आत आलं की ही बाहेरून. तिसरी झाली. दुसरी झाली. हे कधी शिकली ही? कुणी शिकवलं हिला? घरात इतकी वर्षं एक पोर वाढत होती आणि आपण तिची चालच कधी पाहिली नव्हती!

शेवटच्या वळणावर योहान भरवशापायी जरासा लांबून गेला. तेवढ्या फटीतून पंकजा आत घुसली. दोघं बरोबरीने आली आणि चाकाच्या फरकाने पंकजा पहिली, योहान दुसरा.

मग जो जल्लोष उसळला, विचारता सोय नाही. अजिनाथने आणलेली गुलालाची पिशवी फुटली, कंपनीने बोलावलेली वाजंत्री सुरू झाली आणि सगळी मंडळी धावली ती थेट तीन नंबरच्या गाडीकडे. टाकीवर गुलाल, दिव्यावर गुलाल, हँडलला हार. राहुरीकरांनी गाडीसोबत फोटो काढला. पंकजा हेल्मेट हातात धरून बाजूला उभी. फोटोत ती आडवी येत होती म्हणून कुणीतरी तिला थोडं सरकायलाही सांगितलं.

"काय आप्पा!" बेंजामिन सर जवळ आले. पोरगा दुसरा आल्यामुळे ते खुशीत होते. "पारख चुकली म्हणायची! तीन नंबर तर वाघीण निघाली."

"व्हय की," बागायतदार म्हणाले. "आमची भजी वाया गेली."

अजिनाथसुद्धा डोकं खाजवत म्हणाला, "दादा, गेल्या साली माज्यासाठी जो खोंड घेतला, त्योबी असाच असंल का मग?"

हे मात्र आप्पांच्या वर्मी लागलं. साऱ्या हयातीची इभ्रत! त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते असे काही गरजले की वाजंत्रीवालाही थांबला.

"कोन म्हनतं चुकली? बसकीच हाय ती! आत्ताबी सांगतो, शंभर बाजार फिरून आलो तरी हेच सांगीन. तुमी बसला असता ना तिच्यावर, तर पहिल्या वळनापस्नं ढकलत आनली असती! गाडी न्हाई पळाली. ह्या पोरीनं पळवली! नजर बघा तिची, हात बघा! असल्या भिकार गाडीवर बसून पहिली येनारी पोरगी हुडका अख्ख्या जिल्ह्यात. न्हाई मिळनार! माझी पंकजा हाय ती!"

सुकन्या मॅडम तोंडाला रुमाल लावून हसत सुटल्या. "काका, गाडीचं राहू द्या. पण गाड्या सारख्या, म्हणजे जिंकतो तो पळवणारा, हेच तर मी सकाळपासून सांगतेय."

आप्पांच्या आता ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. पंकजा पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते.

"आप्पा, काय म्हनलात?"

"गाडी बसकी हाय म्हनलं."

"त्याच्या फुडचं."

आप्पांनी घसा खाकरला, चप्पल झटकली, आभाळाकडे पाहिलं. मग ते तीन नंबरच्या गाडीजवळ गेले, टाकीवरचा गुलाल दोन्ही हातांनी खरडून काढला आणि फोटोवाल्यांदेखत पंकजाच्या कपाळाला, गालाला, जिथे जागा दिसेल तिथे फासला.

"दादा, गाडी मोकळी पडली की," अजिनाथ म्हणाला.

"पडू दे," आप्पा म्हणाले. "तिला काय लागतंय? तू वहिनीला फोन लाव. म्हनावं, पोरीची बॅग भर."