पोचायचा राहिलेला ठोसा

फ्रान्सिस लोंढेनं एकोणीसशे शहाण्णव साली रंगनाथ घोडकेला मारलेला ठोसा अजून लागायचा होता.

दौंडच्या भीमाकाठ व्यायामशाळेत, रिंगणाच्या मधोमध, गालाच्या उंचीवर तो हवेत होता. लाल ग्लोव्ह, मनगटाला पांढरी नाडी. महिन्याला ज्वारीच्या दाण्याएवढा पुढं सरकायचा. फ्रान्सिसनं पहिले तीन दिवस हात आतच ठेवला. चौथ्या दिवशी त्याची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून रेफरीला विचारून त्यानं हात काढून घेतला. रंगनाथला मात्र सुटका नव्हती. ज्याला ठोसा बसायचाय त्यानं रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा समोर उभं राहायचं, नाहीतर गैरहजर म्हणून हरला, असा नियम. अठ्ठावीस वर्षं तो उभा राहिला. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांसकट उभा राहिला. नवी नवरी मालन दोराबाहेर बाकावर बसून होती आणि वऱ्हाड दारात ताटकळलं होतं.

लग्नानंतर महिन्याभरात मालननं व्यायामशाळेच्या झाडलोटीचं काम मागून घेतलं. नवऱ्यावर चालून येणारी वस्तू, ती निदान स्वच्छ तरी असावी, एवढंच तिचं म्हणणं. रोज ओल्या फडक्यानं ग्लोव्ह पुसायची. एकदा तोल गेला म्हणून तिनं त्याला हात टेकला, तर बैलाच्या कपाळाला टेकल्यासारखं झालं. त्यात जोर किती आहे हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

आता दोन दाणे राहिले होते. आणि मागच्या दिवाळीत रंगनाथच्या छातीत स्प्रिंग बसवली होती. डॉक्टर म्हणाले होते, सगळं चालेल, धक्का नको.

त्याच सुमाराला तालुका बॉक्सिंग मंडळानं बॉक्सिंगच्या इतिहासातला सर्वांत थोर क्षण कोणता, हे एकदाचं ठरवायला घेतलं. रजिस्टरात तेवढी एक ओळ कोरी होती आणि तपासणी तोंडावर आली होती. परदेशातल्या लढती पहिल्याच बैठकीत बाद झाल्या, कारण त्यांचा एकही साक्षीदार तालुक्याचा रहिवासी निघाला नाही. उरले दोन क्षण. लोंढेचा ठोसा सुटला तो एक, आणि तो लागेल तो दुसरा. जो क्षण नोंदला जाईल तो संपला की लढत संपली, असं कलम होतं. 'सुटला' असं लिहिलं की ग्लोव्ह उतरवून कपाटात. 'लागेल' असं लिहिलं की रंगनाथनं उभं राहायचं.

मालन पदर खोचून बैठकीला गेली.

टेबलाला चौघं सभासद होते. अध्यक्ष जगदाळे अण्णा, चिटणीस कुलथे, फ्रान्सिस आणि रंगनाथ. मालन दाराशी उभी राहिली. खुर्ची दिली ती घेतली नाही.

"माझं मत सुटला," फ्रान्सिस म्हणाला. "मी मारला, मला ठाऊक आहे. सुटला तेव्हाच काय तो थोर होता."

"माझंही तेच," कुलथे म्हणाला. "सुटल्याची वेळ आपल्याकडं लिहिलेली आहे. तपासणीला बरं पडतं."

जगदाळे अण्णांनी चष्मा पुसला. "ठोसा मारला म्हणजे झालं का? पत्र पेटीत टाकलं म्हणून कुणी वाचलं असं होतं का? पोचल्याबिगर काय अर्थ नाही. लागेल."

"तुमच्या तोंडावर येत असता म्हणजे कळलं असतं, अण्णा," मालन दारातून म्हणाली.

"बाई, तुम्हाला बोलायची परवानगी नाही."

"मी कुठं मागितली?"

अण्णांनी रंगनाथकडं पाहिलं. मालननं सकाळीच त्याला बजावलं होतं, एकच शब्द बोलायचा, आणि तो कोणता तेही सांगितलं होतं. रंगनाथ उभा राहिला. सहा ते सव्वासहा उभा राहतो तसाच, हात खाली सोडून.

"लागेल," तो म्हणाला.

"अहो!"

"मला तो लागायला हवाय, मालन. सगळं गाव म्हणतं, लागला की घोडके आडवा. ग्लोव्ह कपाटात गेला तर तेच खरं होऊन बसेल."

"लोकांच्या नानाची टांग! लोक येणारेत का दवाखान्यात डबा घेऊन?"

"लोकच म्हणतात असं नाही," रंगनाथ म्हणाला आणि खाली बसला.

थोरल्या मुलीच्या बारशाला मालनचा भाऊ रंगनाथला चारचौघांत घालूनपाडून बोलला होता, आणि हा माणूस गप्प राहिला होता. घरी येऊन तिनं तोफ डागली होती, एक ठोसा अजून लागला नाही, तरी तुम्ही पडलेलेच. त्यानं भाकरी संपवली होती, हात धुतले होते आणि सहाला जाऊन उभा राहिला होता. त्यावर कधी एक अक्षर बोलला नाही. तिला वाटलं होतं, विसरला असेल. बायकोचं बोलणं काय, पुरुष विसरतात.

"दोन आणि दोन," कुलथेनं नियमांची वही उघडली. "मतं सारखी पडली, तर रिंगणात रोज पाय ठेवणाऱ्या बिनसभासदाचं मत धरावं." त्यानं वर पाहिलं. "ते झाडणारं माणूस."

ह्याच कामासाठी मालन आली होती. एक शब्द बोलायचा की ग्लोव्ह खाली.

"भावजी," ती फ्रान्सिसला म्हणाली, "खरं सांगा. किती जोरानं मारला होता?"

फ्रान्सिसनं मान खाली घातली. गेली अठ्ठावीस वर्षं सव्वासहानंतरचा चहा तो रंगनाथबरोबरच प्यायचा.

"अंगात होता तेवढा सगळा, वहिनी. तेव्हा आमची ओळख नव्हती."

मालननं नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. सदऱ्याची शिवण खांद्यावर उसवली होती.

"लिहा," ती म्हणाली. "लागेल. आणि मी ह्यांच्या मागं उभी राहणार."

"बॉक्सरला आधार द्यायला मनाई आहे. कलम अकरा," कुलथे म्हणाला.

"बोट लावणार नाही. नुसती उभी राहीन. झाडायची जागा आहे माझी, हटवून बघा."

कलम अकरात उभं राहण्याबद्दल काही नव्हतं. कुलथेनं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, ठोसा पोचला. रंगनाथनं गुळगुळीत दाढी केली होती, मालननं त्याच्या गालाला खोबरेल लावलं होतं. मारणाऱ्यानं हजर असावं म्हणून फ्रान्सिसनं ग्लोव्हमध्ये हात घालायला घेतला. हात आता जाड झाला होता, जेमतेम बोटं गेली.

"रंगा, माफ कर बरं का."

"गप रे. नेम चुकेल."

सहा वाजून दहा मिनिटांनी कातडं गालाला टेकलं. गाल आत गेला. रंगनाथच्या मानेची शीर टरारून वर आली, उजवी टाच मागं घासली. मालनचे दोन्ही हात आपोआप उठले. तिनं ते स्वतःच्याच पदरात गुंडाळले आणि करकचून धरले. टाच थांबली.

"लागला," कुलथे मोठ्यानं म्हणत लिहू लागला. "उभा आहे."

डॉक्टरांना बोलावलंच होतं. त्यांनी नाडी धरली, ग्लोव्हला बोट लावून पाहिलं आणि सांगितलं की ह्याला धक्का म्हणत नाहीत, हा दाब आहे, गोळी वेळेवर घ्या.

अण्णांनी टाळी वाजवायला हात उचलले, पण कुलथेनं त्यांना थांबवलं. रजिस्टरात आणखी एक रकाना होता, क्षण संपल्याची वेळ. ग्लोव्ह तर तसाच पुढं येत होता, महिन्याला एक दाणा. मागं सरकायला नियमाची हरकत नव्हती आणि मागचा दोर सात फुटांवर होता. तेव्हा रंगनाथ महिन्याला एक दाणा मागं होतो आणि त्याच्या मागं मालनही एक दाणा मागं होते. सहा वाजले की तो गाल नेऊन लावतो. ती मागून बघून सांगते, मान सरळ करा, खांदा पाडू नका, आज शोभता बरं का.

सव्वासहाला कुलथे पेन घेऊन दोराशी येतो.

"बाई, काय लिहू? संपला का?"

"चालू आहे लिहा," मालन म्हणते.