काहीच नसलेली बोट

अनंतराव आणि श्यामलाबाई आठल्ये यांना बोटीवर जाऊन नुसतं बसायचं होतं. एवढंच. आता यात कुणाचं काय जातं, असं तुम्हाला वाटेल. पुण्यात राहून असं वाटत असेल, तर कमाल आहे तुमची.

दोघं राहायला सहकारनगरात. ते वीज मंडळातून निवृत्त, त्या शाळेतून. व्यायामाचं म्हणाल, तर लिफ्ट बंद असली की आजचं दूध उद्या यायचं. तळजाईची टेकडी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण इतक्या वर्षांत दोघांनी तिला खालूनच नमस्कार केला होता. तरीही माणसं कायम दमलेली. कारण मूलबाळ नाही, म्हणजे 'मोकळे'. आणि मोकळ्या माणसाला नातेवाईक मोकळं सोडत नाहीत. कुणाच्या इस्पितळात रात्री झोपायला अनंतराव, कुणाच्या लग्नात दागिन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायला श्यामलाबाई. आणि दर सुट्टीत श्यामलाबाईंच्या धाकट्या बहिणीची, सुरुचीची, दोन मुलं. "ताई, तुम्हाला काय गं, मोकळेच आहात!" असं म्हणत ती मुलांना सोडायची आणि चहासुद्धा न घेता जायची.

"अहो," श्यामलाबाई एकदा म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा तरी अशा ठिकाणी जाऊ, जिथं कुणी आपल्याला काही सांगणार नाही."

म्हणून बोट. समुद्राच्या मधोमध कुणी पिशवी सांभाळायला देत नाही.

टिळक रोडवरच्या प्रवासी कंपनीत अक्षता नावाची हसतमुख मुलगी होती. तिनं रंगीत माहितीपत्रक उघडलं. "किड्स किती, सर?"

"नाहीत."

"म्हणजे बरोबर येणार नाहीत?"

"बरोबरही नाहीत आणि घरीही नाहीत."

अक्षतानं घसरगुंड्यांची बोट मिटली आणि दुसरी उघडली. "मग ही बेस्ट! फक्त अ‍ॅडल्ट्स. डेकवर व्यायामाला चढायची भिंत आहे, झुंबा आहे, सायकलिंग…"

"अहो ताई, आम्ही माळ्यावरचा डबा काढायलासुद्धा माणूस बोलावतो."

मुलीला मोठाच पेच पडला. मुलं असतील तर घसरगुंडी, नसतील तर भिंत. मुलंही नाहीत आणि भिंतही नको, अशी गिऱ्हाइकं तिनं पाहिली नव्हती. शेवटी तिनं खालच्या खणातून एक मळकट पत्रक काढलं. "एक आहे, पण कुणी घेत नाही. जुनी बोट आहे. कोचीहून निघते, हळूहळू फिरून परत येते. सोळा वर्षांखाली प्रवेश नाही. आणि वर काहीच नाहीये, काका. म्हणजे खुर्च्या आहेत. जेवणानंतर दोन तास कुणी बोलायचंसुद्धा नाही."

अनंतरावांनी श्यामलाबाईंकडे पाहिलं. श्यामलाबाईंचे डोळे चक्क भरून आले होते. लग्नातसुद्धा आले नव्हते.

जागा ठरल्या. आणि त्याच संध्याकाळी सुरुची आली.

"बोट? अय्या! मग अर्णव-स्वरालीला न्या ना!"

"सोळाच्या खालच्यांना घेत नाहीत गं," श्यामलाबाई म्हणाल्या.

"नियम काय, बोललं की होतं. मी बोलते त्यांच्याशी. तुम्हालाही तेवढीच सोबत."

सुरुची बोलली की खरंच होतं, हे दोघांना ठाऊक होतं. तिनं एकदा मंगल कार्यालयवाल्याकडून मांडवासकट सवलत काढली होती. अनंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्या भरात ते आयुष्यात पहिल्यांदा सराईतासारखं खोटं बोलले.

"अगं, ती पळणाऱ्यांची बोट आहे! सकाळी साडेपाचला भोंगा होतो, की सगळे डेकवर पळत सुटतात. सक्तीचं आहे. पोरं कुणाच्या पायाखाली आली म्हणजे?"

"तुम्ही पळणार?" सुरुचीनं त्यांच्या पोटाकडे बघत विचारलं.

"म्हणजे काय!"

सुरुचीनं मुलांचा विषय सोडला. अनंतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सुरुचीचा नवरा सलिल टेकडीवेडा माणूस. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला झोपेचेसुद्धा मार्क देतं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे दारावरची बेल वाजली.

"अनंतराव, शाब्बास! मला वाटलंच नव्हतं तुमच्यात हे आहे!" सलिल दारातच उड्या मारत होता. हातात दोन जोड नवे बूट. "हे माझ्याकडून. चला, तळजाई. ताई, तुम्हीपण."

आता खरं सांगायचं, तर सुरुचीला काय सांगायचं? तुझी मुलं नकोत म्हणून थाप मारली? बहीण जन्मभर बोलली नसती. आणि श्यामलाबाईंना ती मुलं आवडतही होती, हा आणखी एक त्रास. दोघांनी मुकाट्यानं बूट चढवले.

पुढचे तीन आठवडे काय वर्णावे! पहिलं बाकडं आलं की अनंतराव म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी जागा धरतो." श्यामलाबाई झाडाला धरून झाडाचीच चौकशी करायच्या. शेवटी एका सकाळी अनंतराव त्या बाकड्यावर बसले ते उठेनातच. सलिलनं त्यांची नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं आणि गंभीर झाला.

"अनंतराव, राग मानू नका. तुमच्या जिवापुढे बोट मोठी नाही. हे तुम्हाला झेपणार नाही."

"झेपेल हो," अनंतराव कळवळून म्हणाले.

"नाही. आणि पैसे वाया जायला नकोत. कंपनी नावं बदलून देते, मी विचारलंय. आम्ही दोघं जातो तुमच्या जागी, तुमचे पैसे देऊन टाकतो. मुलं तुमच्याकडे राहतील. तुम्ही काय, आता मोकळेच!"

अनंतरावांनी श्यामलाबाईंकडे पाहिलं. श्यामलाबाई टेकडीकडे पाहत होत्या. "बोला ना आता," त्या हळूच म्हणाल्या, "चांगलं बोलता येतं तुम्हाला."

तर अशा रीतीनं बोट गेली आणि मुलं आली.

पहिल्या दुपारी बारा वर्षांचा अर्णव भीत भीत म्हणाला, "काका, आत्ता कुठला क्लास आहे का?"

"नाही."

"मग काय करायचं?"

"झोपायचं."

"चालतं असं?" धाकट्या स्वरालीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती आडवी झाली. बिचारी सलिलच्या घरात वाढलेली पोरं! पडदे ओढून चौघं संध्याकाळपर्यंत घोरत पडले.

दोन दिवसांनी बोटीवरून फोन आला. सलिल वैतागला होता. "अनंतराव, इथं पळण्याबिळण्याचं काही नाही हो! नुसत्या खुर्च्या! जेवलं की सगळे चिडीचूप! तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं. तुम्हाला तर हे अगदी जमलं असतं!"

अनंतरावांनी फोन ठेवून कपाळाला हात लावला. पण श्यामलाबाई मात्र खुलल्या. "अहो, बरंच झालं की! आता सगळ्यांना कळलं, तिथं पळायचं नसतं. आता काही लपवायला नको. पुढच्या फेरीला आपण उजळ माथ्यानं जाऊ." आणि त्या आनंदात त्यांनी बुटांचे दोन्ही जोड कामाला येणाऱ्या हिराला देऊन टाकले.

आठवड्यानं सलिल-सुरुची परतले. सलिल उन्हानं रापलेला, खुशीत. पेढ्यांचा पुडा पुढे करून म्हणाला, "अनंतराव, तुमचा शब्द खाली पडू दिला नाही मी!"

"कसला शब्द?"

"मी थेट कॅप्टनला गाठलं. म्हटलं, आमचे साडू सरकारी नोकरी केलेले, ते उगाच बोलणार नाहीत. इथं पळणं असलंच पाहिजे. नसेल तर सुरू करा! मीच घेतलं मग. पहिल्या दिवशी चार जण, शेवटी अख्खी बोट पळत होती. कॅप्टन तर इतका खूश, की आता प्रत्येक फेरीत ठेवलंय. साडेपाचला भोंगा!"

"दुपारच्या खुर्च्या?" श्यामलाबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"काढल्या. पळायला अडचण होते." सलिलनं खिशातून पाकीट काढून अनंतरावांच्या हातात ठेवलं. "आणि ही दिवाळीनंतरची तुमची दोघांची तिकिटं. माझ्याकडून भेट! तुमचं स्वप्न होतं ते, मी हिरावलं, मला चैन पडेना. खूप वेळ आहे, तयारी होईल. उद्यापासून तळजाई!"

सुरुचीनं डोळे पुसले. अनंतरावांनी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

श्यामलाबाई उठल्या आणि आत जाऊन त्यांनी हिराला फोन लावला. "हिरा, ते बूट दिले होते ना तुला…"

"लई भारी हायेत, बाई! धाकट्या जावेला दिला एक जोड. रोज टेकडीवर पळाया जातो आम्ही दोघी. तुमी पण या की, तुमी काय, मोकळ्याच!"