ट्रामचं एक वर्ष आणि रिकामी रांग

सिंगापूरच्या ट्रामबद्दल मराठीत आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही, अशी निशिकांतची पक्की खात्री होती. ते खरंही होतं. दुसरं कुणी त्या वाटेला गेलंच नव्हतं.

सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या मासिकात बारा महिने, बारा लेख. पत्र एकही नाही. संपादक उल्काताईंनी सरळ सांगितलं, "वीस माणसं ऐकायला आणून दाखव. नाहीतर सप्टेंबरपासून ते पान पाककृतींना."

म्हणून व्याख्यान. 'ट्रामसोबत एक वर्ष.' ऑगस्ट २०१४, शनिवार, दुपारी चार. क्वीन्सटाउनला त्याच्या इमारतीखालच्या मैदानात चिनी लोकांच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा मंडप उभाच होता. मंच, माइक, लाल खुर्च्या. रहिवासी समितीचे अंकल कोह वाक्याला इथलं नेहमीचं 'लाह' जोडत म्हणाले, "साडेपाचपर्यंत वापर लाह. फक्त पहिली रांग सोड."

निशिकांत मनात हसला. पहिली रांग प्रमुख पाहुण्यांची, आणि पाहुणे कधी येत नाहीत, हे त्याला पुण्यापासून ठाऊक होतं.

आले अकरा जण, बायको मीनल आणि मुलगी श्रिया धरून, उल्काताई सोडून. बसले मागे. मराठी माणूस बोलावल्याशिवाय पुढे बसत नाही, आणि बोलावलं तर शेजाऱ्याला ढकलतो. पहिल्या रांगेत दहा खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या रांगेत उल्काताई एकट्या, पेन काढून मोजत.

"पुढे या, पुढे या," निशिकांत माइकवर म्हणाला. कुणी हललं नाही. मैदानातून एक चिनी आजी-आजोबा चालले होते, म्हणून त्याने इंग्रजीतही सांगितलं, "जे कुणी असाल ते या. या खुर्च्या तुमच्याच आहेत."

आजोबा थबकले. त्यांनी आजींचा हात धरला आणि दोघं भराभर दिसेनासे झाले.

वारा नव्हता. तरी मंडपाचं कापड एकदा आत ओढलं गेलं, कुणी श्वास घ्यावा तसं. पुढच्या दहाही खुर्च्या कुरकुरल्या. माणूस बसताना कुरकुरतात तशा.

यापुढचं नीट क्रमाने सांगता येत नाही. हातातला कागद एक म्हणत होता, मंडप दुसरंच.

(कागद: १९२७ साली ट्राम बंद झाली. इथे थांबावं. हळहळ.)

तो थांबला. हळहळ आली. पुढून.

(कागद: कंडक्टरचा किस्सा. इथे हशा.)

मागचे अकरा गप्प. हशा मात्र आला, कफ झालेल्या म्हाताऱ्या गळ्यातून, मंचाच्या अगदी जवळ.

"बाबा," श्रिया मागून म्हणाली, "सेव्हन्थ मंथ आहे लाह. भुतांचा महिना. फ्रंट रो इज फॉर देम. एव्हरीबडी नोज."

त्या एव्हरीबडीत आठ वर्षं इथे राहिलेला बाप नव्हता.

त्याने उरलेली आठ पानं एका वाक्यात गुंडाळली, धन्यवाद म्हटलं आणि उतरायला पाय उचलला. पायरीवर अंकल कोह.

"उतरू नको. ते उठले नाहीत."

"तुम्हाला दिसतात?"

"मला कुठून दिसणार लाह? पण बोलावलंस तू. आता पुरतं ऐकव."

निशिकांतने पिशवीतून मासिकांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या लेखापासून वाचायला लागला. मीनल चहा आणते म्हणून गेली ती घरीच पोचली. "संपलं की मेसेज कर," असा निरोप आला. हळूहळू बाकीचे दहाही गेले. राहिल्या उल्काताई. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी हात टाकून बसलंय असं त्यांना वाटत होतं, आणि उठायचं तर त्या हाताला घासून जावं लागलं असतं.

नवव्या लेखात माहिती मिळेना म्हणून ट्रामच्या घंटेचं वर्णन त्याने मनानेच केलं होतं. तिथे एक खुर्ची करकरत मागे सरकली.

"सॉरी," निशिकांत माइकवर म्हणाला, "हे अंदाजे लिहिलंय."

खुर्ची पुन्हा जागेवर आली.

बारावा लेख संपला तेव्हा सव्वापाच झाले होते. मंडपाचं कापड बाहेर फुगलं आणि सैल पडलं. उल्काताई सावकाश उठल्या. वहीत त्यांनी 'उपस्थिती: एकवीस' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"पान तुझं," त्या म्हणाल्या. "आणि बंद करायचं नाव काढू नकोस. नाहीतर चौकशीला ते माझ्याकडे येतील."

निशिकांत जिंकला होता. फक्त त्याला ट्रामबद्दल जे काही माहीत होतं ते बाराव्या लेखातच संपलं होतं, आणि तेराव्यापासून थापा मारायची सोय नव्हती. वाचकांनी ट्रामने रोज ये-जा केलेली होती.