धोंडूशेटची एका विटेची भिंत

धोंडूशेट दोरखंडवाले रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढायचे, देवाला उदबत्ती ओवाळायचे आणि आमच्या दोघांच्या दुकानांमधल्या भिंतीला कान लावून उभे राहायचे. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. मग "कायतरी शिजतंय" असं पुटपुटत गादीवर बसायचे.

रेल्वे घाटावर चढली आणि कर्जतची पेठ वाढली, तेव्हाच त्यांनी ही दोन गाळ्यांची इमारत बांधली. सागाचे खांब, वर माडी, पुढच्या तुळईवर कोरलेले पोपट. एका गाळ्यात ते एकटे. दुसऱ्यात माझं मिठाचं दुकान, मागं आमचं बिऱ्हाड. सगळं भक्कम. मधली भिंत तेवढी एका विटेची.

शेटना साऱ्या जगाचा संशय. गवंड्यानं चुना चोरला, इंजिन मुद्दाम त्यांच्याच दारासमोर शिट्टी मारतं, असं रोज काहीतरी. पण मी काय कमी? मी ठरवून टाकलं, हा माणूस माझे भाव ऐकतो.

"दोरखंड विकणाऱ्याला मिठाचे भाव कशाला हवेत?" बायकोनं विचारलं.

"तुला धंद्यातलं कळत नाही," म्हणत मी पेणहून आलेली मिठाची पोती त्या भिंतीला लावून पार आढ्यापर्यंत रचली.

"अहो, पावसाळा तोंडावर आलाय. मीठ पाझरेल."

"पाझरू दे. त्याचा कान भिजेल!"

श्रावणात भिंतीला पोट आलं. चुन्याचे पापुद्रे भाकरीसारखे सुटून पडू लागले. धोंडूशेट धावत आले.

"मेल्या, भिंत खारवलीस की रं माझी!" असं ओरडत त्यांनी पोती स्वतःच ओढली आणि आपल्या दुकानाच्या फळ्या आणून भिंतीला टेकू दिला.

गवंडी आला. "शेट, आता दगडाचीच घालू. पलीकडं ढोल वाजला तरी ऐकू यायचा नाय."

"घालाच!" मी उडी मारली.

शेट भिंतीवरून हात फिरवत राहिले. "नको. एका विटेचीच घाल."

"कशाला पण?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुझी बायको सकाळी पोरांना हाका मारते, त्या ऐकू येतात रं. हितं मला हाक मारायला कोण हाय?"

गवंडी माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "शेट म्हणतात तशीच घाल."

हल्ली बायको पोरांना फार मोठ्यानं उठवते. घसा बसतो म्हणून माझ्यावर चिडते. पण तोंड मात्र भिंतीकडेच असतं.