नागरिकशास्त्राची अंगी

वामनअण्णांकडे पुस्तक वाचायला मागितलं की ते आधी विचारतात, “अंगी घातलेलं देऊ, की उघडं?”

पहिल्यांदा मी दचकलोच. मग कळलं, अंगी, म्हणजे कानडीत शर्ट, अण्णांच्या तोंडी पुस्तकावरचं सुटं वेष्टन. दाजीबानपेठेत जन्मभर शर्टाचं कापड विकलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून?

अण्णा माझे शेजारी, एकटेच राहतात. जमवतात काय, तर सिनेमांवरून निघालेल्या जुन्या कादंबऱ्या. पूर्वी सिनेमा चालला की त्याची गोष्ट छापून विकत आणि वेष्टनावर नट-नटीचं रंगीत चित्र घालत. गोष्ट कशीही असो, अण्णांना वेष्टन मूळचं हवं. चिमटीत धरून, पोत चाचपून, कानडी आदराचा ‘री’ लावून सांगतात, “ही मागनं शिवलेली आहे री.” म्हणजे झेरॉक्स. आत दुमडलेल्या पट्ट्यांना ते बाह्या म्हणतात. बाही फाटकी निघाली तर त्या दिवशी अण्णांच्या घरी चूल पेटत नाही.

एकदा कोप्पीकर रोड खणून ठेवला होता. आमच्या हुबळीची धूळ अशी, की शेजारी बसलेल्याला ओळखायला आधी त्याला झटकावं लागतं. अण्णांच्या हातात नुकतीच सापडलेली कादंबरी. त्यांनी अंगातला शर्ट काढला, पुस्तकाला गुंडाळला आणि भर बाजारातून बनियनवर चालत आले. मागून निदान पन्नास माणसं, दोन गायी आणि एक हवालदार.

“काय झालं अण्णा, लुटलं की काय कोणी?”

“माझी अंगी केव्हाही शिवून मिळते. हिची कोण शिवणार?”

हवालदारानं म्हणे सलाम ठोकला.

अशा या माणसाच्या कपाटात एकच पुस्तक खाकी कागदाच्या कव्हरात. वर शाळेसारखी चिठ्ठी: ‘वामन. इयत्ता आठवी. विषय: नागरिकशास्त्र.’ चुकून राहिलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक संग्राहक आले. त्यांनी ते सहज उघडलं आणि खुर्चीतून उठलेच. आत नागरिकशास्त्र नव्हतं, सिनेमाची कादंबरी होती. “अहो, याचं वेष्टन आजवर कोणी पाहिलेलं नाही,” म्हणत त्यांनी आपल्या पिशवीतून दुसऱ्याच एका कादंबरीचं वेष्टन काढून टेबलावर ठेवलं. अण्णा गार. त्याच्यासाठी ते तीस वर्षं बेळगाव ते बळ्ळारी रद्दीची दुकानं उपसत होते. त्यांच्या कपाटातली एक कादंबरी त्याच्याविना उघडी बसली होती.

“हे वेष्टन तुम्ही ठेवा, ते पुस्तक मला द्या. फक्त कागदाखाली काय आहे ते आधी बघू. वाफेवर धरलं की खळ सुटते.”

अण्णांनी स्वतः किटली चढवली. वाफ आली. पुस्तक जवळ नेलं. खाकी कागदाचा एक कोपरा सुटला, आणि अण्णांचा हात मागे आला.

“बेड्री,” ते म्हणाले. “नको.”

“का हो?”

“आमच्या अप्पांना सिनेमाचं नाव खपत नव्हतं. ह्या पुस्तकावर नटी, तीही बिनबाह्यांची. सापडलं असतं तर बंबात गेलं असतं. अक्का माझी शाळेत मास्तरीण. तिनं गपचूप कव्हर घातलं, वर विषय लिहिला. शेवटचं प्रकरण वाचताना मला अप्पांनी बघितलं. मग दुकानात येईल त्याला सांगत होते, आमचा वामन नागरिकशास्त्र वाचून रडतो.”

पाहुणे पोट धरून हसले. मग हळूच म्हणाले, “पण मूळची अंगी खाली असेल ना?”

अण्णांनी खाकी कागद चिमटीत धरला, पोत चाचपला.

“मूळची हीच.”

पाहुणे आपलं वेष्टन घेऊन गेले. अण्णा फाटकापर्यंत त्या पिशवीकडे बघत होते. मग आत येऊन त्यांनी मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालून, अक्का करायची तशी. बोटानं कोपऱ्याखाली लावली.

“जरा अंगठा ठेवता इथं? अक्का लावायची, मी धरायचो. ती गेल्यापासून धरायलाच कोणी नाही बघा.”

मी अंगठा ठेवला. अण्णा शेजारी बसले. खळ कधीच वाळली होती, पण ते ‘काढा’ म्हणेनात, आणि मीही काढला नाही.