थांबा, येतलो

परबकाकांच्या घरी पाहुणा गेला की त्याला आधी पाणी मिळतं, मग पाट मिळतो. हा पाट जमिनीवर मांडलेला नसतो. तो असतो एका काळ्या, चौकोनी, चांगल्या दीड हात उंचीच्या डब्यावर. पाहुणा बिचारा चहाच्या आशेने त्यावर टेकतो. काका समोरच्या खुर्चीत बसतात, एक बोट मोबाईलवर ठेवतात, दुसऱ्या हाताचा पंजा ट्रॅफिक हवालदारासारखा वर करतात आणि म्हणतात, "थांबा, येतलो."

कोण येणार हे पाहुण्याला कळायच्या आत तो येतो. खालून येतो. पाटातून, मणक्यातून, थेट टाळूपर्यंत. घ्वांव, घ्वांव, घ्वांव! पेल्यातलं पाणी थरथरतं, चष्मा नाकावरून घसरतो आणि पोटात काहीतरी जागच्या जागी फिरून परत बसतं. एक विमा एजंट त्या पाटावर बसला होता. त्यानंतर तो आमच्या जिन्यातही फिरकलेला नाही.

ह्या प्रकाराला डबस्टेप म्हणतात. हे संगीत आहे, असं काकांचं म्हणणं. आणि आता सांगायला हरकत नाही, माझंही तेच म्हणणं आहे.

आम्ही मुंबईच्या एका टोकाला, चारकोपला राहतो. सेक्टरमधली जुनी तीन मजली सोसायटी, छोटी छोटी घरं. परबकाकांच्या आणि आमच्या हॉलमध्ये जी आहे तिला भिंत म्हणायचं एवढंच, बाकी तो पापड आहे. ह्या भिंतीला आवाजाची सवय मात्र पूर्वीपासूनची. पलीकडे सुलभाकाकू घोरायच्या. साधंसुधं घोरणं नव्हे ते, अख्ख्या मजल्याला ठाऊक असलेलं. माझी आई इकडे डोळे टक्क उघडे ठेवून पडायची आणि सकाळी जिन्यात काकूंना विचारायची, काय गं सुलभा, काल कुठला घाट चढलीस? काकू एवढ्या हसायच्या की हातातली दुधाची पिशवी हिंदकळायची. मग काकू गेल्या. भिंत गप्प झाली ती वर्षभर गप्पच होती. काका, एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले स्टोअरकीपर, सकाळी देवळात आणि संध्याकाळी बाकावर दिसायचे. कुणी बोललं तर बोलायचे.

अशाच एका दुपारी मी शिकवणी घेत होते. सातवीची मुलं, विषय भूमिती. एकाएकी टेबलावरचा कंपास आपणहून चालायला लागला. मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी कुजबुजायला लागले. मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी पायथागोरस शिकवून कधीही पाहिलेला नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "सुलभा परत घोरायला लागली वाटतं."

आईचं वय झालंय. मी आत जाऊन तिला समजावलं की काकू आता नाहीत. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पण घोरतेय. मी नाद सोडला आणि तावातावाने शेजारची बेल दाबली.

दार उघडलं तेव्हा काकांच्या डोळ्यांत मी वर्षभरात न पाहिलेली चमक होती. माझं भांडण तोंडातच राहिलं. मनगटाला धरून त्यांनी मला आत नेलं आणि पाटावर बसवलं.

झालं होतं असं. काकूंना मालिका नीट ऐकू याव्यात म्हणून काकांनी कधीतरी टीव्हीला हे स्पीकर जोडून घेतले होते, त्यातलाच हा बेसचा डबा. त्या दुपारी काका मोबाईलवरून त्यावर भजन लावून आरामखुर्चीत झोपले. भजन संपलं. मोबाईलने आपल्या अकलेने पुढचं सुरू केलं, त्यापुढचं, त्यापुढचं, आणि अशा रीतीने तो पंढरीहून निघून लंडनला पोचला. त्या आवाजाने काका दचकून जागे झाले.

"आणि पयलो आत धावलंय," ते म्हणाले.

मी विचारलं, आत कशाला? आवाज तर हॉलमध्ये होता. ते म्हणाले, असाच.

त्या दिवसापासून परबकाका म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ झाले. निवृत्त माणूस आणि मोबाईलचा स्वस्त डेटा एकत्र आले की काय होऊ शकतं ह्याचा मासला. बरं, शिकवण्याची हौस माझ्याहून दांडगी. दूधवाला, कुरिअरवाला, पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बायका, कुणालाही सुट्टी नाही.

त्यांनी मला सांगितलेली कुळकथा अशी. मूळ पुरुष जमैका बेटावरचा. तिथे गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला तेच गाणं पुन्हा भरायचे, पण गायकाला काढून टाकून. गाणारा गेला. मागे काय उरलं? ढोल, बेस आणि मध्येच कुठेतरी त्याच्या आवाजाचा एखादा तुकडा, घुमत घुमत विरणारा. ह्याला म्हणतात डब. पुढे तिथली माणसं पोटासाठी लंडनला गेली आणि जाताना हे घेऊन गेली. "आमचो बापूस मिलमधे इलो तेव्हा पखवाज घेऊन इलो. तेंनी डबे नेले. गजाल एकच," असा काकांचा निष्कर्ष.

मग लंडनमध्ये त्याला गॅरेज नावाच्या नाचाच्या संगीताची सोयरीक मिळाली. हे गॅरेज म्हणजे काय हे काका कुरिअरवाल्याला समजावत होते, तर तो म्हणाला, माझ्या मामाचंही आहे, मालाडला, टू-व्हीलरचं. काकांनी त्याला रागावून पुन्हा पाटावर बसवलं.

ह्या लग्नातून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डबस्टेप जन्मलं. कुठे, तर लंडन शहरात नाही, शहराच्या पार टोकाला. हे सांगताना काकांची छाती फुगते. "गो मेधा, लंडनाक पण एक चारकोप आसा. तेका क्रॉयडन म्हणतत. टावनात रवतत तेंका येळ खय? असला काय ता टोकाक रवणाऱ्यांकच सुचता." तिथली पोरं घरात बसून चाली बांधायची आणि उंच इमारतीच्या गच्चीवर चोरून एरियल लावून रेडिओवर सोडायची. पोलिस आले की एरियल टाकून पळायचं. हे ऐकल्यापासून काका आमच्या गच्चीकडे फार प्रेमाने बघायला लागले. सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप घातलं ते तेव्हाच.

आणि ताल! ठोके मोजले तर मिनिटाला एकशेचाळीस, पण मुख्य ढोल पडतो तो निम्म्यानेच. त्यामुळे एक अंग धावत असतं आणि एक अंग आरामात चालत असतं. खाली बेस घोळत असतो, कानाला जेमतेम ऐकू येणारा, अंगालाच कळणारा. सगळं हळूहळू वर चढत जातं, चढतं, चढतं, आणि एकदम थांबतं. काही नाही. पूर्ण शांत. हीच ती जागा, जिथे काका पंजा वर करतात. थांबा, येतलो. मग जो कोसळतो तो ड्रॉप. पुढे हे अमेरिकेत गेलं आणि त्याची वाट लागली, असं काकांचं मत. तिकडचं कर्कश डबस्टेप लागलं की ते कानावर हात ठेवतात. तो मिक्सर आहे म्हणतात, खोबरं वाटतायत.

मी तक्रार करायला गेले होते, ती रोज दुपारी पाच मिनिटं पाटावर बसून येऊ लागले. मुलं विचारायची, मॅडम, आज ड्रॉप होता का? पण बाकीची सोसायटी माझ्याएवढी सुसंस्कृत नव्हती. कुणाची देवघरातली घंटा आपोआप वाजू लागली, कुणाच्या खिडकीची काच. तक्रारी सेक्रेटरी गायकवाडसाहेबांकडे गेल्या. साहेब मूळचे जालन्याकडचे, नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, माणूस सज्जन, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी फळ्यावर सूचना लिहिली: "सदनिकेत डबे वाजवण्यास सक्त मनाई आहे."

दुसऱ्या दिवशी बायकांचा मोर्चा त्यांच्या दारात. आम्ही स्वयंपाक करायचा की नाही? तळमजल्याच्या एका बाईंनी पोह्यांचा घट्ट झाकणाचा डबाच बरोबर आणला होता आणि तो न वाजवता उघडून दाखवा, असं साहेबांना आव्हान दिलं. साहेबांनी प्रयत्न केला. पोहे जिन्यात सांडले. त्या दिवशी साहेबांच्या रागाला एकच धनी मिळाला, परबकाका. रविवारी सकाळी कमिटी परबांच्या घरी जाणार आणि डबा घराबाहेर काढायला लावणार, असं ठरलं.

रविवारी मीही गेले. शेजारी म्हणून, आणि खरं सांगायचं तर डब्याच्या बाजूने. कमिटीची पाच माणसं हॉलमध्ये दाटीवाटीने उभी राहिली. काकांनी स्वच्छ शर्ट घातला होता. त्यांनी वाद घातला नाही. फक्त एवढंच म्हणाले की साहेबांनी एकदा पाटावर बसावं, एकदा ड्रॉप ऐकावा, मग सांगाल तसं, स्वतःच्या हाताने डबा उचलून देतो.

गायकवाडसाहेब घड्याळ बघत पाटावर बसले. काकांनी लावलं.

बेस सुरू झाला तशी साहेबांची भुवई हलली. थोड्या वेळाने त्यांनी तळवा डब्याच्या अंगावर टेकवला. जयंतीच्या मिरवणुकीत तरुणपणी ते टेम्पोवर स्पीकरच्या शेजारी बसून गेलेले, हे आम्हाला तेव्हा कळलं. "फाटत नाही हो बेस," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. संगीत चढत होतं. खिडकीच्या काचा, मांडणीवरची भांडी, कमिटीची माणसं, सगळं बारीक थरथरत होतं. चढलं, चढलं, आणि थांबलं. शांतता. काकांचा पंजा वर गेला.

"थांबा, येतलो."

तो आला नाही. पंखा मंदावत थांबला. वरच्या मजल्यावर कुणीतरी गीझर लावला होता आणि आमच्या जिन्याचा मेन स्विच पडला होता. हे रोजचंच. कमिटीतले दोघं फस्सकन हसले. गेली लाइट, एकजण म्हणाला, संपला तुमचा ड्रॉप.

काकांचा पंजा खाली आला नाही. ते डब्याकडे बघत होते. चेहरा पांढरा पडला होता. "थांबा," ते म्हणाले. "येतलो. थांबा जरा. येतलो."

आणि मला दवाखाना आठवला. काकूंच्या शेवटच्या दिवशी मी तिथे होते. काका पलंगाशी बसले होते. नर्स काकूंवर वाकली, तिने नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलवायला निघाली. तेव्हा काकांनी असाच पंजा वर केला होता आणि असंच म्हणाले होते, थांबा, येतलो. मालवणहून काकांचा भाऊ निघालेला होता. मला वाटलं, भाऊ येतोय म्हणून सांगतायत. मीच नर्सला म्हटलं, दीर येतायत त्यांचे, जरा थांबा. भाऊ संध्याकाळी आला. काका त्याची वाट बघतच नव्हते.

मी त्यांच्या जवळ गेले आणि हात धरून खाली घेतला. थंडगार होता.

"सुलभाचो श्वास घोरता घोरता असोच थांबायचो," ते मला म्हणाले, पण खोली एवढी शांत होती की सगळ्यांनीच ऐकलं. "मी जागोच रवायचंय. मोजत रवायचंय. मगे परत येयचो. चाळीस वर्सा दर टायमाक इलो. एकदाच इलो नाय."

कुणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

गायकवाडसाहेब पाटावरून उठले. खिशातून मीटरच्या खोलीची चावी काढली आणि जिना उतरून गेले. खालून त्यांचा आवाज आला, वरच्या मजल्यावरच्या गीझरवाल्याला नियम सांगणारा, त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा आवाज. मग पंखा फिरायला लागला. ते वर आले, धापा टाकत, आणि परत पाटावर बसले.

"पहिल्यापासून लावा, परबसाहेब," ते म्हणाले. "आलाच पाहिजे."

पहिल्यापासून लावलं. ह्या वेळी कुणी घड्याळ बघितलं नाही. चढताना आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो, श्वास रोखून. थांबलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर, पंख्यावर. पंखा फिरत होता. काकांनी हात वर केला, आणि सांगायला गंमत वाटते, त्यांच्याबरोबर साहेबांनीही केला.

आणि तो आला! घ्वांव, घ्वांव, घ्वांव! मांडणीवरचा पातेल्यांचा सट खाली कोसळला, कमिटी ओरडली, साहेब पाटावरून वीतभर उडाले असतील. मी टाळ्या पिटल्या. काका हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि डब्यावर हात ठेवून म्हणत होते, "इलो. बघलास? इलो."

डबा काकांच्याच घरी राहिला. फळ्यावर नवी सूचना लागली, दुपारी अमुक ते अमुक वेळेत परवानगी आहे म्हणून, आणि खाली साहेबांची लफ्फेदार सही.

मी घरी आले तेव्हा भिंत अजून घुमत होती. आई पलंगावर उठून बसली होती. काय गं, मध्येच बंद झालं होतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लाइट गेली होती, आली.

"आणि सुलभा?"

ह्या वेळी मी तिला समजवायला गेले नाही. म्हटलं, "घोरतेय."

आई आडवी झाली, पांघरूण ओढून घेतलं आणि कूस भिंतीकडे वळवली.

"घोरू दे," ती म्हणाली. "दमलेली असते."